एका विटेची जागा सोडून

चुन्याचं दुकान असलं की झाडून काही उपयोग नसतो. सकाळी झाडा, दुपारी पुन्हा पांढरं. धोतरावर, भुवयांवर, चहाच्या कपात! किस्स्यांचं तसंच आहे. मी काही ते जमवायला गेलो नव्हतो. ठेकेदारीचं लायसन्स काढायला म्हणून घराबाहेर पडलो आणि परत आलो तो अंगभर किस्से घेऊन. दोस्तमंडळी म्हणतात, लिहून काढा. शिक्षण चौथी. पण ज्याला बिल लिहिता येतं त्याला किस्साही लिहिता येतो, असं माझं मत आहे.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. नागपूरच्या महाल भागात माझं चुना, विटा, लोखंडाचं दुकान. माल विकता विकता बांधकामं घेऊ लागलो. पण सरकारी काम पाहिजे तर बांधकाम खात्याच्या कचेरीच्या यादीत नाव लागतं. ते नव्हतं, म्हणून आठ वर्षं दुसऱ्याच्या लायसन्सवर राबलो. घाम माझा, कोनशिलेवर नाव त्याचं. एका दवाखान्याच्या उद्घाटनाला तर मला मांडवाच्या दारातूनच परत पाठवलं, "ठेकेदार आत बसले आहेत" म्हणून! घरी आलो तर आमची मंडळी म्हणाली, "काहून जी, इतक्या लवकर?" दुसऱ्या दिवशी फॉर्म आणला.

* * *

फॉर्मला फोटो लागायचा. गल्लीतल्या फोटोवाल्याकडे टोपी घालून, श्वास रोखून बसलो. मागे पांढरा पडदा. फोटो आला तर माझ्या डाव्या खांद्यामागं एक पागोटेवाला उभा! चेहरा पुसट, पण पागोटं एकदम स्वच्छ.

फोटोवाल्यानं कानाला हात लावले. "शेटजी, स्टुडिओत तुम्ही न् मी. तिसरं कुत्रंही नव्हतं!"

पुन्हा काढला. पागोटेवाला पुन्हा हजर, फक्त या खेपेला थोडा पुढं सरकलेला. तिसऱ्यांदा काढायची छाती दोघांचीही झाली नाही. तोच चिकटवून दिला.

खिडकीत सोनकुसरेबाबू, कचेरीचे जुने कारकून. त्यांनी फोटो उजेडात धरला, माझ्याकडं पाहिलं, फॉर्म परत सरकवला. "शेटजी, हा फॉर्म एकट्याचा आहे. भागीदारीचा पिवळा असते!"

मग कात्रीनं भागीदार वेगळा केला. कापलेला तुकडा कुठं टाकावा हे सुचेना. शेवटी देवाजवळ ठेवला.

* * *

नंतर ऐपतीचा दाखला. त्यासाठी तहसिलीतला माणूस घर मोजायला आला. दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हणून तो टेप घेऊन एकटाच आत फिरला. जाताना कागद माझ्यापुढं ठेवला. वाचतो तर, खोल्या सात! माझं घर सहा खोल्यांचं.

म्हटलं, "साहेब, एक जास्त झाली."

"नाही जी. मागच्या अंगाची धरून सात. ते आजोबा खाटेवर बसून होते ना, ती. त्यांना काही त्रास नाही दिला, दारातूनच टेप लावला. दहा बाय बारा."

माझ्या घरात आजोबा कोणी नाहीत. मागच्या अंगाला कोरी भिंत आहे आणि भिंतीपलीकडं विहीर. मी मंडळीकडं पाहिलं. तिचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. पण बाई व्यापाऱ्याच्या घरातली! माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "दाखल्यात धरली नं? मंग काहून बोलून राहिले? राहू द्या!"

राहू दिली. तेव्हापासून ती त्या भिंतीशी रोज पाण्याचा तांब्या भरून ठेवते. तो रिकामा होतो, असं ती सांगते. मी बघायला गेलेलो नाही.

* * *

तिसरी अट, स्वतःचा मिक्सर पाहिजे. मौद्याकडं एका पुलाच्या कामावर बंद पडलेला मिक्सर मी लिलावात घेतला होता. तो रेतीच्या प्लॉटवर उभा; इंजिन खोलून दुरुस्तीला गेलेलं. तपासणीला आले ढोबळे ओव्हरसियर. तरुण माणूस, सायन्स शिकलेला, बुटांना पॉलिश. वेळ भरदुपारची.

"शेटजी, मशीन चालू पाहिजे. नुसतं लोखंड मी लिहून घेत नाही."

"आठ दिवसांत इंजिन येते साहेब," मी म्हणतोय तोच ड्रम फिरायला लागला. सावकाश. आत खडी असल्यासारखा खडखड आवाज. आत तर काहीच नव्हतं! वारा इतका पडलेला की निंबाचं पान हलत नव्हतं.

ढोबळे वाकून खालून बघून आले. इंजिनाच्या जागी बोल्टांची चार भोकं. त्यांनी रुमालानं मान पुसली.

"चालू आहे, हे दिसलं," ते म्हणाले. "आता बंद करून दाखवा!"

मला कुठं येत होतं बंद करता! ज्या वेळी मजुरांची सुट्टी होते, त्या वेळी तो आपणहून थांबला.

* * *

मग तोंडी परीक्षा. त्या वेळचे साहेब जुने, रिटायर व्हायला आलेले. त्यांनी विचारलं, "पाया किती खोल घ्यायचा?"

मी आमच्या डोमाजी मिस्त्र्याचं वाक्य ठोकून दिलं. "साहेब, माती बोलायची थांबते तिथपर्यंत."

डोमाजी माझ्या सगळ्या कामांचा मिस्त्री. सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, जमिनीवर आपटायचा, दांड्याला कान लावायचा आणि सांगायचा, खणा किंवा नका खणू. साहेब हसले. "बोलवा तुमच्या डोमाजीला. आमची माती काय बोलते ते कळू द्या."

डोमाजी बाहेरच होता. आत आला, सोनकुसरेबाबूंच्या टेबलाशी सब्बल टेकवली, कान लावला. बराच वेळ ऐकलं. मग चपला काढल्या, दोन पावलं मागं सरला आणि हात जोडले.

"काय म्हणते माती?" साहेबांनी विचारलं.

"माह्याशी नाही बोलून राहिली साहेब. बाबूजीचं नाव घेऊन राहिली."

सगळी कचेरी हसली. सोनकुसरेबाबू सगळ्यांत जास्त हसले. तिसऱ्या दिवशी गेलो तर त्यांचं टेबल समोरच्या भिंतीला! म्हटलं, "काहून गा बाबूजी, इकडं?"

"इकडं उजेड चांगला आहे."

त्या भिंतीला खिडकीच नव्हती.

* * *

आता शेवटचा कागद. स्वतःच्या नावावर केलेलं एक तरी पूर्ण बांधकाम दाखवायचं. माझ्याकडं एकच होतं. कुहीकडं धानाच्या बांध्यांमध्ये एक छोटं गाव आहे. गावकऱ्यांनी वर्गणी काढून माझ्याकडून दोन खोल्यांची शाळा बांधून घेतली होती. यादी त्या आठवड्यात बंद होणार होती. हुकलं की पुन्हा दुसऱ्याच्या नावावर राबणं आणि मांडवाच्या दारातून परत येणं!

ढोबळ्यांना आणि डोमाजीला घेऊन गेलो. त्यांनी सगळं मोजलं, खूश झाले. आणि मग त्यांची नजर वर गेली. "हे काय?"

दक्षिणेच्या भिंतीत, छपराखाली, एका विटेची जागा मोकळी होती. डोमाजीची ही रीत. प्रत्येक कामात एक वीट सोडायचा. म्हणायचा, "पुरं झालेलं काम मिस्त्र्याले बोलावून घेते, भाऊ. थोडं बाकी असलं की माणूस बाकी राहते."

ढोबळे म्हणाले, "मग हे काम अपूर्ण आहे. बुजवा, मी शेरा लिहितो."

डोमाजीनं थापी खाली ठेवली आणि सरळ चिंचेखाली जाऊन बसला. मग मीच शिडी लावली. आयुष्यात विटा लाखो विकल्या, बसवली ती पहिलीच. खाली उतरलो तर ढोबळे वर बघतच उभे.

"शेटजी, तुम्ही कोणती बुजवली?"

माझी वीट ओल्या सिमेंटसकट जागेवर होती. तिच्या शेजारची नव्हती! भोक पहिल्याएवढंच, त्यातून पलीकडचं आभाळ दिसत होतं. आत बघितलं, बाहेर बघितलं. वीट कुठंच पडलेली नाही.

"सैल असेल," ढोबळे म्हणाले. "द्या इकडं, मी बसवतो." बुटांसकट शिडी चढले, स्वतः वीट दाबून बसवली, वरून दोन ठोके मारले. खाली येऊन मान वर केली.

भोक आणखी एक वीट पुढं सरकलं होतं.

मी तिसरी वीट उचलली. चिंचेखालून डोमाजी ओरडला, "भाऊ, त्याले कोपऱ्यापर्यंत नका जाऊ देऊ गा!" आणि ढोबळ्यांनी माझं मनगट धरलं. कोपरा आता चार विटांवर होता.

त्यांनी गुडघ्यावर कागद ठेवून शेरा लिहिला, 'एका विटेची जागा सोडून काम पूर्ण.'

मी हात जोडले. "साहेब, असं लिहिलं तर वरती फाईल अडन हो! माही आठ वर्षं..."

"शेटजी, मी खोटं लिहीत नाही. आणि ती वीटही बसवू देत नाही. चला, अंधार पडायच्या आत निघू."

फाईल मोठ्या साहेबांच्या टेबलावर गेली. जुने साहेब रिटायर झालेले. हे नवे त्याच सोमवारी कोकणातून बदलून आलेले. त्यांनी अजून नागपूरच धड पाहिलं नव्हतं. मी समोर टोपी हातात घेऊन उभा. एकेक पान उलटत साहेब त्या शेऱ्यापाशी आले आणि थांबले. चष्मा काढला. मला वाटलं, गेलं लायसन्स!

"दक्षिणेची भिंत ना?" साहेबांनी विचारलं. शेऱ्यात भिंत कोणती ते लिहिलेलंच नव्हतं.

"होय साहेब."

"कोपऱ्यापासून किती राहिलंय?"

"चार विटा, साहेब."

साहेबांनी ताबडतोब सही केली. शिक्काही स्वतःच्या हातानं मारला.