अर्धा राहिलेला मोर

सातपूरच्या ललिता पगारेचं डोकं एका गोष्टीने हमखास फिरतं, ती म्हणजे तिला न विचारता तिच्या कॉम्प्युटरला लावलेला हात. घराच्या पुढच्या खोलीत तिचं भरतकामाचं मशीन चालतं आणि त्याला एकेक टाका हा कॉम्प्युटर सांगतो. म्हणून आपोआप होणारं अपडेट तिने बंद ठेवलं होतं. शनिवारी, इथल्या कारखान्यांच्या सुट्टीला, मशीनला तेल घालता घालता ती ते स्वतःच उरकायची.

पण तिचा दीर दिनेश पडला शहाणा. जेवायला आला की आधी कॉम्प्युटरपुढे बसायचा आणि अपडेट परत चालू करून जायचा. "तुमच्याच भल्यासाठी, वहिनी."

त्या भल्यापायी परवा एका नवरीच्या शालूवरचा मोर निम्मा झाला असताना अपडेटसाठी कॉम्प्युटर स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू झाला. मशीन अडकलं, टाके उसवताना कापड फाटलं. नवरीच्या आईची बोलणी ललिताने खाल्ली. दिनेशने फोनसुद्धा उचलला नाही.

रविवारी तो आला आणि सवयीने खुर्चीत बसला. कॉम्प्युटरने पासवर्ड मागितला.

"हे काय, वहिनी? सांगा ना."

"नाही सांगणार. उठा."

"अहो, मी काय परका आहे?"

"या कॉम्प्युटरला मी एकदाच बजावलं, मला विचारल्याशिवाय काही करायचं नाही. आता मुकाट्याने विचारतो. तुम्हाला किती वर्षं सांगतेय, भावजी?"