पाणी नेहमी इथेच असतं का?

खाणीवर त्यांना सगळे वधूपिता म्हणत. वास्तविक त्यांना मुलगी नव्हती. एकुलता एक मुलगा, तोही ट्रक घेऊन कायम लांबच्या वाटेवर. पण गाळाच्या धरणाची सरकारी तपासणी जवळ आली की या गृहस्थांची अशी धांदल उडायची की बघणाऱ्याला वाटावं, घरी मुलगी बघायला मंडळी येताहेत. बांधावरचं गवत काप, उंदरांची बिळं बुजव, कठड्याला रंग दे! आणि काम काय, तर पंप चालवणं.

धरण म्हणजे नदीवरचं नव्हे. खाणीतला दगड दळून त्यातलं तांबं काढून घेतलं की मागे राखाडी, पातळ गाळ उरतो. तो साठवायला मालकाने दोन टेकड्यांच्या मध्ये मातीचा बांध घातला होता. गाळ तळाशी बसायचा, पाणी वर राहायचं आणि ते पंपाने परत कारखान्यात जायचं. धरण खासगी, त्यामुळे तपासणीच्या बाईंना आधी कळवूनच यावं लागे. त्यांनी कळवलं की मॅनेजर ठरलेला हुकूम सोडायचा, "पाणी उतरवा." पातळी खाली गेली की पायथ्याशी झिरपणारं पाणी आटायचं. बाई यायच्या, कोरडा पायथा बघायच्या आणि 'समाधानकारक' असा शेरा मारून जायच्या. त्या गेल्या की पाणी पुन्हा वर. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. पाहुणे यायचे म्हटल्यावर आपण घर आवरतोच की! वधूपित्यांना तर त्या शेऱ्याचा केवढा अभिमान. घरात पाऊल टाकताच सांगायचे, "पसंत पडलं बरं का!"

त्याच शेऱ्यांच्या भरवशावर धरणाखालच्या सपाट जागेत बालवाडी उभी राहिली होती. त्यांची सून तिथे शिकवायची. नात, चिमणी, तिथेच गाणी पाठ करायची.

या खेपेला हुकूम आला आणि वधूपिता नेहमीसारखे आधी पायथ्याशी उतरले. पाझर होता. पाझराचं त्यांना काही वाटलं नसतं, मातीचा बांध थोडा झिरपायचाच. पण आजचं पाणी गढूळ होतं. त्यांनी ओंजळीत घेऊन पाहिलं, तर बोटांवर बारीक मऊ माती राहिली. पाझर जिथून बाहेर येत होता तिथे तीच माती वारुळासारखी गोल साचली होती. स्वच्छ पाझर चालतो. गढूळ पाझर म्हणजे पाणी बांध आतून पोखरतंय. हे खाणीवर पहिल्याच दिवशी शिकवतात आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे विसरतात.

त्यांनी तिथूनच मॅनेजरला फोन लावला.

"उतरवा की पाणी, आपोआप थांबेल," मॅनेजर म्हणाला. "तपासणी उरकू दे, मग बघू."

"साहेब, गढूळ आहे."

"ऐकलं मी. उतरवा."

वधूपिता पंपाच्या खोलीत आले आणि बटणापाशी घुटमळत उभे राहिले. पाणी उतरवलं तर पाझर थांबेल, बाईंना पायथा कोरडा दिसेल, शेरा मिळेल आणि मग पाणी पुन्हा वर चढेल, पोखरलेल्या बांधावर. नाही उतरवलं तर बाई आपल्या डोळ्यांनी गढूळ पाणी बघतील. फक्त त्या येईपर्यंत ते सगळं ओझं बालवाडीच्या डोक्यावर. त्यांनी मनाशी हिशेब जुळवला आणि बटण न दाबताच घरी आले. हिशेब कसला? माणूस घाबरला की आधी आपलं माणूस बाजूला काढतो, तेवढंच.

सून चिमणीचा डबा घासत होती.

"तपासणी होईपर्यंत चिमणीला घरी ठेव," ते म्हणाले. "तूही जाऊ नकोस."

"का?"

"मी सांगतोय म्हणून."

"बाबा, नीट सांगा."

त्यांनी सांगितलं. सुनेचे हात थांबले. नळ तसाच वाहत राहिला.

"आणि बाकीच्यांना कोण घरी ठेवणार?" तिने विचारलं.

ते म्हणाले, "पंप लावला तर बाईंना काहीच दिसणार नाही गं."

"दिसणार नाही तर सांगा! तोंड आहे ना तुम्हाला? आधी पंप लावा, जा."

इतक्या वर्षांत ती त्यांच्यावर आवाज चढवून बोलली नव्हती. ते पायात उलटसुलट चपला अडकवून धावत सुटले. पंप धडधडायला लागला तेव्हा त्यांना हायसं वाटलं, आणि त्याच क्षणी धडकीही भरली. नोकरी गेली तर या वयात दुसरीकडे कोण उभं करणार होतं? पण सुनेला काय तोंड दाखवायचं, हा प्रश्न त्याहून मोठा होता.

तपासणीचा दिवस उजाडला. पाणी उतरलं होतं, पाझर थांबला होता, म्हणून सून चिमणीला घेऊन बालवाडीत गेली होती. मॅनेजरने इस्त्रीचा शर्ट घातला होता. बाई बांधावरून चालत, मधूनच वाकत, हातातल्या काठीने माती टोचत पायथ्याशी आल्या. मागे वधूपिता. पाण्याबद्दल बोलायचं कसं हे त्यांनी रात्रभर घोकलं होतं. बोलायचंही फार नव्हतं. ते मातीचं वारूळ नुसतं दाखवायचं.

वारूळ नव्हतं.

सगळं सपाट, वर गवताच्या ढेपा नीट थापलेल्या. कुणी केलं हे? आणि मग त्यांना आठवलं. त्यांनीच केलं होतं. सकाळी आल्या आल्या, डोक्यात नुसते विचार आणि हातात फावडं; हातांनी दरवर्षीचं काम मुकाट्याने उरकून टाकलं होतं. मुलीच्या गालावरचा डाग त्यांनी स्वतःच पावडर लावून झाकला होता.

बाईंनी कोरडी जमीन पाहिली, मग बांधाकडे वळून पाहिलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला. तो त्या दरवर्षी विचारत आणि वधूपिता दरवर्षी "हो बाई" म्हणत.

"पाणी नेहमी इथेच असतं का?"

मॅनेजर घड्याळ बघत होता.

"नाही बाई," वधूपिता म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की त्यांनाच तो परका वाटला. "पाणी वर असतं. तुम्ही येणार म्हणून उतरवलंय. आणि या वेळी इथून गढूळ येत होतं."

"अहो, काहीतरी काय!" मॅनेजर हसला. "बाई, वय झालंय त्यांचं. ही जागा बघा, आहे कुठे ओल?"

बाई हसल्या नाहीत. "कुठून येत होतं?" त्यांनी वधूपित्यांनाच विचारलं.

ते गुडघ्यांवर बसले. स्वतः थापलेल्या ढेपा त्यांनी दोन्ही हातांनी उपटल्या, खालची माती बाजूला केली आणि हात आत घातला. हात अडायला हवा होता. तो मनगटापर्यंत गेला, मग कोपरापर्यंत गेला. आत नुसती पोकळी होती, गार आणि ओली. मॅनेजरचं हसू मावळलं.

"हात काढा, सावकाश," बाई म्हणाल्या. "पंप बंद करायचा नाही, कुणीही सांगितलं तरी. समाधानकारक विसरा. खाली काय आहे?"

"बालवाडी," वधूपिता म्हणाले.

"ती आत्ता रिकामी करा."

बाई फोन लावत होत्या, मॅनेजर मालकाला गाठायची धडपड करत होता. वधूपिता उतारावरून पळत सुटले. पाठीमागे बांध होता आणि मागे वळून बघायची त्यांची हिंमत नव्हती. पंपाची धडधड ऐकू येतेय ना, एवढंच ते ऐकत होते.

फाटकाशी पोहोचले तेव्हा त्यांना पळत येताना पाहूनच सुनेने मुलांच्या जोड्या लावल्या होत्या. सासऱ्यांचा कोपरापर्यंत माखलेला हात तिने पाहिला आणि फाटक सताड उघडलं. रांगेच्या शेवटी चिमणी उभी होती. "आजोबा!" म्हणून ओरडली. ते तिला उचलायला वाकले, तेवढ्यात सुनेने एका रडणाऱ्या मुलाचा हात त्यांच्या मातीच्या हातात दिला. ते कुणाचं पोर होतं, त्यांना ठाऊक नव्हतं.

"याला घ्या," ती म्हणाली. "चिमणी चालतेय."