दारव्ह्याच्या रस्त्यावर, बाबांसोबत

बारावीनंतर मी पोलीस भरतीची तयारी सुरू केली, तेव्हा माझ्यासोबत धावायला बाबा यायचे. आमचं गाव दारव्ह्याजवळ. पहाटे रस्त्यावर कुत्री असतात, आणि एकटी पोरगी धावते म्हटलं की गावाला बोलायला विषय मिळतो. म्हणून बाबा. ते एकेकाळी गावच्या कबड्डीच्या संघात होते. सुरुवातीला तर माझ्या पुढेच असायचे. मधेच वळून सांगायचे, "खांदे सैल सोड. मुठी कायले आवळून राह्यली?"

बाबा रोज संध्याकाळी घ्यायचे. आमच्या घरात त्याला कुणी दारू पिणं म्हणत नव्हतं, कारण ते भांडत नसत, कुणावर हात उचलत नसत. वावरातून आले की हातपाय धुऊन चौकात जायचे, परत येऊन जेवायचे, झोपायचे. "अंग मोकळं होते," एवढंच म्हणायचे.

पण पहाटे मी त्यांच्या शेजारी धावत होते, त्यामुळे जे आईला दिसत नव्हतं ते मला दिसायला लागलं. त्यांच्या घामाला वास यायचा. निघण्याआधी ते तांब्याभर पाणी गटागट प्यायचे तरी ओठ कोरडेच. पहिला चढ जोरात घेत आणि मग मागे पडत. आधी बुटांना दोष दिला, मग गुडघ्याला, मग वयाला. माझा दम दिवसेंदिवस वाढत होता आणि त्यांचा कमी होत होता. मैदानावर आम्हा भरतीच्या मुलामुलींना शिकवणारे सर एकदा सगळ्यांना म्हणाले होते, की रात्री दारू घेतली तर झोप लागल्यासारखी वाटते, पण शरीराला आराम मिळत नाही. आदल्या दिवशीची मेहनत वाया जाते. मी ते घरी बोलले नाही. बोलायचं कसं, हेच कळत नव्हतं.

उन्हाळ्यात शेजारच्या घरी हळद होती. बाबा उशिरा आले. पहाटे मी बूट घालत होते, तर ते उठून बसलेले. डोळे लाल.

"आज राहू द्या बाबा. झोप नाही झाली तुमची."

"आज तुझं टायमिंग घ्यायचं हाय ना? मग. येतो मी."

त्या दिवशी ते पहिल्यापासून माझ्या पुढे धावले. नेहमीपेक्षा जोरात. मला वाटलं, मला ओढायला धावतायत. नंतर वाटलं, मला काहीतरी दाखवायला धावतायत. पुलाच्या अलीकडे त्यांची चाल अचानक तुटली. ते रस्त्याच्या कडेला गेले, ओकले आणि खाली बसले. पोटरीत गोळा आला होता, तो दाबायला वाकले आणि तसेच राहिले.

मी जवळ गेले. चेहरा पांढरा पडलेला. त्यांनी माझा हात धरून स्वतःच्या छातीवर ठेवला. आतली धडधड सरळ नव्हती. जोरात, मग थांबल्यासारखी, मग पुन्हा जोरात.

"हे काय होऊन राह्यलं पोरी?" ते हळू आवाजात म्हणाले.

बाबांना घाबरलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. फोन घरी राहिला होता. एक दुधवाला मोटरसायकलवरून निघून गेला, त्याला माझी हाक ऐकू गेली नसावी. मग बाजाराची जीप आली. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. आत बसलेले दोघं उतरून मागे लटकले आणि बाबांना बसायला जागा दिली. कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसलेल्या एका बाईनं त्यांच्या तोंडाचा वास आल्यावर पदर नाकाला लावला. पण पाण्याची बाटली तिनंच पुढे केली. सगळ्या रस्त्यानं मी त्यांची नाडी धरून होते. थांबली तर काय करायचं, ते मला माहीत नव्हतं.

दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली, सलाईन लावलं. डॉक्टरांनी विचारलं, "दारू घेता का?"

"कधीमधी," बाबा म्हणाले. "लग्नाकार्यात."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. बाबाही बघत होते.

"रोज," मी म्हणाले. "काल जास्त."

बाबांनी मान भिंतीकडे वळवली.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "दारूनं अंगातलं पाणी गेलं, झोप झाली नाही, त्यावर तुम्ही जीव खाऊन धावलात. ठोके बिघडले. आज सुधारतील. पण पुन्हा असंच केलं तर सुधारतीलच, असं मी सांगू शकत नाही."

संध्याकाळपर्यंत ठोके जागेवर आले. घरी आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "परक्या माणसासमोर बापाची अब्रू काहून काढली तू?" मी म्हणाले, "ते डॉक्टर होते आई." तिचा राग गेला नाही. बाबा कित्येक दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी एकटी धावायला जायची. त्यांनी चौकात जाणं बंद केलं होतं. संध्याकाळी अंगणात बसायचे, हात थरथरायचे, आणि आम्ही कुणीच त्यांच्या हातांकडे बघत नव्हतो. ही थरथर थांबेना, तेव्हा मात्र आईच त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे घेऊन गेली.

एका पहाटे ते बूट घालून दारात उभे दिसले.

"धावत नाही," ते म्हणाले. "मांगून चालत येतो. तू होय पुढे."

भरतीच्या पहिल्या वेळी मी थोडक्यात राहिले, दुसऱ्या वेळी लागले. बाबांचंही तसंच. पोळ्याला एकदा परत घेतली, मग पुन्हा थांबले. आता रोज चालतात. कधी मंद धावतात. मी नोकरीच्या गावी असते. रोज संध्याकाळी फोन करते आणि ते बोलायला लागले की पहिली दोन वाक्यं नीट ऐकते, जीभ जड झाली आहे का ते. त्यांनाही ते कळतं. म्हणून ते मुद्दाम सावकाश, एकेक शब्द स्पष्ट बोलतात.