थंडीतली हाक

कोराडीच्या कॉलनीत आम्ही राहायला आलो तो डिसेंबर होता. पहिल्याच सकाळी नीट उजाडलंही नव्हतं, तोच गच्चीवरून आरोळी ऐकू आली. चोर शिरला असं समजून मी काठी घेऊन वर धावलो, तर वरच्या मजल्यावरच्या तिडके मॅडम तोंडाशी हात धरून धुक्यात ओरडत होत्या, "सुमे वंऽऽ!" मग त्यांनी मफलर सारून कान मोकळा केला. शेतांपलीकडच्या गावातून बारीक उत्तर आलं, "काय वं शालेऽऽ!"

"बहीण होय माही," माझ्या काठीकडे बघत त्या म्हणाल्या. "मारू नका तिले."

मॅडम शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहायच्या. बहिणीशी रोज फोन होई, तरी हिवाळ्यात हाक चुकत नसे. "फोनवर सुमी दुखणी सांगते गा. हाकेत नुसती सुमी येते."

उन्हाळ्यात मात्र हाक बंद. मी कारण विचारायचा अवकाश, त्यांचा तास सुरू! "गुरुत्वाकर्षण हवेले ओढते गा, अन् हवा आवाजाले वळवते. थंड हवा जड, म्हणून खाली बसते. आवाज थंडाव्याकडे वाकते. वर गेलेली हाकही वळून सुमीच्या अंगणात उतरते. मे महिन्यात जमीन तापते, खालची हवा हलकी होते, थंडावा राहते वर. मंग हाक वरच्या वर जाते. कोणाले ऐकू येत नाही."

पुढे मीही पहाटे गच्चीवर जाऊ लागलो. धुक्यात वीजकेंद्राच्या चिमण्या अर्ध्याच दिसत. हाक तुरीच्या शेतांवरून वर चढताना, वाकताना, हळूच खाली उतरताना मला खरोखर दिसायची. तेवढा वेळ मी श्वास धरून असे.

यंदा उन्हाळा लागताच मॅडमच्या हृदयाने दगा दिला. जिना बंद झाला. सुमी, म्हणजे सुमनबाई, ऑटोने येऊन हात हातात घेऊन बसत. पण मॅडमचा जीव हाकेत अडकलेला. "थंडीपर्यंत टिकलं पायजे गा. एकदा ऐकली का झालं." मी कूलर त्यांच्या खाटेजवळ ओढला आणि म्हटलं, "घ्या, आली थंडी!" त्या हसल्या. "हे थंडी खिडकीपर्यंतच." मला फार वाईट वाटलं.

मे महिन्यातच त्या गेल्या. खाली सगळे रडत होते. सुमनबाई मात्र भिंत धरत धरत भर दुपारी गच्चीवर चढल्या. मी मागोमाग गेलो. त्यांनी तोंडाशी हात धरले, "शाले वंऽऽ!"

"सुमनबाई, चला खाली," मी म्हणालो. "या उन्हात हाक वर जाते."

"मालूम आहे मले," त्या म्हणाल्या. "म्हणूनच त मारून राहिली."