जग बुडणार म्हणून आत्याने दिलेली कबुली

जग बुडणार अशी बातमी झाशीत आली, तेव्हा सगळ्यात आधी तूप महागलं. मानिक चौकात सहा रुपयांना मिळणारं तूप आठ दिवसांत साडेसातवर गेलं, आणि कापूर तर दुकानदार तोंड बघून द्यायला लागला. त्या वर्षी माघात आठ ग्रह एकाच राशीत येणार होते. याला अष्टग्रही म्हणतात, एवढं आमच्या रेल्वे कॉलनीत सगळ्यांना पाठ होतं. त्याने नेमकं काय होतं हे कुणालाच माहीत नव्हतं. भूकंप होणार, पूर येणार, आग बरसणार, असे तीन पक्ष होते. मांडव पडले, कर्णे लागले आणि होमात शेरांनी तूप जाऊ लागलं. माझे बाबा म्हणाले, "ग्रह अजून एकत्र यायचेत. तूपवाले आधीच आले."

बाबा रेल्वेत बुकिंग क्लार्क होते. बदली होऊन महाराष्ट्रातून झाशीला आले आणि इथेच रुतले. घरात चार माणसं. बाबा, आई, नऊ वर्षांची मी आणि आत्या. आत्या बाबांची मोठी बहीण. बाविसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती भावाकडे आली, तेव्हा बाबांचं लग्नही झालं नव्हतं. म्हणजे हे घर आधी तिने चालवलं होतं, आई नंतर आली. ही गोष्ट आत्या कधी बोलून दाखवत नसे, पण मसाल्याचा डबा मात्र कायम तिच्याच हाताजवळ असे.

आमच्याकडे जगाच्या बातम्या दोन वाटांनी यायच्या. एक मुंबईचा मराठी पेपर, तो टपालाने दोन दिवसांनी पोचायचा. बाबा तो असा वाचायचे की जणू शाई अजून ओली आहे. कॉलनीत ज्या गोष्टीवर बोलून बोलून लोक कंटाळलेले असत, ती ते संध्याकाळी आम्हाला थरारून सांगत. अष्टग्रहीबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. "काळजी करू नका. जग बुडालं तरी आपल्याला परवा कळेल."

दुसरी वाट म्हणजे शेजारच्या चाचीचा रेडिओ. चाची गार्डसाहेबांची बायको, पक्की बुंदेलखंडी. तिच्या घरातला रेडिओ आमच्या मधल्या भिंतीतून छान ऐकू यायचा. बाबांनी आपला रेडिओ घेतला नाही, कारण त्याचं लायसन दरवर्षी पोस्टात जाऊन भरावं लागे. भाषणं ऐकायची आणि वर पैसे द्यायचे, हे त्यांना पटत नसे. भिंतीला पाठ लावून बसलं की बातम्या फुकट, गाणी फुकट, आणि चाचीचं नवऱ्यावर ओरडणंही फुकट. आठवड्यातून एकदा कुठल्याशा दूरच्या स्टेशनवर अर्धा तास मराठी गाणी लागत. आत्या त्या दिवशी भाजी घेऊन भिंतीशी बसायची. पण गेली दोन वर्षं त्या वेळेला नुसती खरखर आणि मग एकदम हिंदी. "बंद केलं असेल मराठी," आत्या म्हणायची. "आपल्याला कोण विचारतो इथे."

तो दिवस जवळ आला तसं सगळंच विचित्र झालं. शाळेत वर्गात आम्ही सात जणी उरलो. बाईंनी तरीही भागाकार घातले. बाबांच्या खिडकीवर रांगा लागल्या, कारण ज्याला त्याला मरायला आपल्या गावी जायचं होतं. बाबा सांगायचे, त्या सगळ्या गर्दीत एका गृहस्थाने परतीचं तिकीट मागितलं. बाबांनी उठून त्याला नमस्कार केला.

त्या दिवशी आत्याने उपास धरला. आईने नेमकं उलटं केलं. सकाळी उठून तिने पुरण घातलं आणि जपून ठेवलेला तुपाचा डबा ओट्यावर काढला. "बुडणारच असेल सगळं, तर हे कुणासाठी ठेवायचं?" असं म्हणून तिने पोळ्यांवर तूप असं सोडलं की ते मनगटापर्यंत ओघळलं. मी पाच पोळ्या खाल्ल्या. जग बुडण्याबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती.

ग्रहांची घटका संध्याकाळी साडेपाचची आहे, असं मंदिरातल्या पुजाऱ्याने सांगितलं होतं. बाबांची ड्यूटी दोनला संपली. गार्डसाहेब गाडीवर गेले होते, म्हणून चाची आमच्याकडे येऊन बसली; एकटीने मरायची तिला भीती वाटत होती. आम्ही सगळे अंगणात. आत्या तुळशीपाशी जप करत होती. तिच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं आणि नाकात पुरणपोळीचा वास होता. तीनच्या सुमाराला ती एकदम रडायला लागली.

"का हो गओ जिज्जी?" चाची धावली. ती आत्याला जिज्जी म्हणायची, म्हणजे ताई.

आत्याने तिचे हात धरले. तिची हिंदी अशी होती की मराठी माणसालाही हसू यावं. "हमने पाप किया. आपके रेडिओ की तार पे हम हमारा लुगडा वाळत घालते थे."

त्या काळी रेडिओची तार छतावर दोन बांबूंना बांधलेली असे. चाचीची तार दर पावसाळ्याआधी लोंबायची, दोनदा तुटलीही होती. ती माकडांना शिव्या द्यायची, आणि आत्याही तिच्या शेजारी उभी राहून द्यायची. नऊवारी ओलं लुगडं किती जड होतं, हे माकडांना काय ठाऊक.

मला वाटलं, आता भांडण. पण चाचीही रडायला लागली. "अब का छुपाएँ जिज्जी. मराठी गाना आउत तो, सो हमई सुई घुमा देत ते."

म्हणजे मराठी बंद झालंच नव्हतं. आत्या भिंतीशी बसलेली कळली की ही पलीकडून सुई फिरवायची. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग आत्या म्हणाली, "जाऊ द्या," आणि दोघी गळ्यात गळा घालून रडल्या. बाबा पेपरामागे हसत होते. पेपर थरथरत होता.

इथे थांबली असती तर बरं झालं असतं. पण आत्याला पाप सांगण्याची चव लागली होती. तिने आईकडे बघितलं.

"वहिनी, ती आमटी तुम्ही खारट नव्हती केली."

आई पोळीचं ताट उचलत होती, ती तशीच थांबली. आमटीची गोष्ट झाशीच्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक होती. लग्नानंतर आईने केलेलं पहिलं जेवण, रेल्वेतली वीस माणसं पानावर, आणि आमटी अशी खारट की लोकांनी पाण्याचे तांबे मागवले. त्या दिवसापासून आईचं नाव 'खारी वहिनी' पडलं. गणपतीत, लग्नात, मुंजीत, जिथे जाईल तिथे कुणी ना कुणी विचारायचं, "वहिनी, आज मीठ कोण घालणार?" बाबा तर ही गोष्ट स्वतःच रंगवून सांगायचे. अकरा वर्षं.

"मी घातलं मीठ," आत्या म्हणाली. "तुम्ही साडी बदलायला गेलात तेव्हा. मूठभर."

"का?" आईने विचारलं. एवढंच.

आत्याने जपाची माळ तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली. मग म्हणाली, "सकाळी मी चव बघितली होती. फार सुरेख झाली होती. ती तशीच वाढली असती तर या घरात माझं काय काम उरलं असतं?"

चाचीला मराठी कळत नव्हतं, पण काहीतरी मोठं फुटलं आहे हे तिला कळलं आणि ती डोळे पुसत पदराआडून टक लावून बघू लागली. बाबांना वाटलं, आपण मोठेपणाने सांभाळून घ्यावं. त्यांनी पेपर खाली ठेवला. "अक्का, जाऊ दे आता. जुन्या गोष्टी. माणसाच्या हातून..."

"तू गप्प बस," आत्या त्यांच्यावर फिरली. "तुझं पाप पण मीच डोक्यावर घेऊन बसले आहे." मग आईला म्हणाली, "वहिनी, हा रविवारी जादा ड्यूटीला जात नाही. सिनेमाला जातो. धुण्याच्या वेळी खिशात तिकिटाचे तुकडे सापडतात मला. मी तुम्हाला सांगितलं नाही, हे माझं चुकलं."

बाबांचा चेहरा मी तेव्हा पाहिला तसा नंतर कधी पाहिला नाही. आठ ग्रहांनी जे केलं नाही ते आत्याने अर्ध्या मिनिटात केलं. आईने शेवटचा सिनेमा पाहिला त्याला तीन वर्षं झाली होती, कारण घरचं म्हणणं असं की टांग्याचे पैसे, तिकिटाचे पैसे, नको बाई. आई शांतपणे म्हणाली, "कितीला असतं तिकीट?"

"दहा आणे," बाबा म्हणाले. मग उगाचच, "म्हणजे बासष्ट नवे पैसे. कधी त्रेसष्ट घेतात."

"आणि दर रविवारी?"

"दर नाही," बाबा म्हणाले. आत्याने आकाशाकडे बघितलं. "बहुतेक," बाबा म्हणाले.

साडेपाच वाजता आम्ही पाचही जण अंगणात ओळीने बसलो होतो आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. यार्डात एका इंजिनाने लांब शिटी दिली. आत्याने डोळे घट्ट मिटून चाचीचा हात धरला. मग दार वाजलं.

"आलं का?" डोळे न उघडता आत्याने विचारलं.

"दूध आलंय," आई म्हणाली आणि पातेलं घेऊन दाराशी गेली. दूधवाला भैया रोजच्यासारखाच उभा होता. जगबुडीच्या दिवशी त्याने पाणी नेहमीइतकंच घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलनी नेहमीसारखी उठली. लोक जरा ओशाळलेले होते, पण होम केल्यामुळे संकट टळलं यावर लवकरच एकमत झालं. आमच्या घरातलं संकट टळलं नव्हतं. आत्याला पहाटेच कळलं असावं की आता हे सगळं सांगून ठेवून जगायचं आहे. ती मसाल्याच्या डब्याजवळ फिरकली नाही. आई तिच्याशी वाईट वागली नाही, पण रोज आमटी उकळली की पळी तिच्यासमोर धरायची. "मीठ बघा हो वन्सं. तुम्हाला त्यातलं कळतं." बाबांना ती तेवढंही बोलली नाही. त्या महिन्यापासून आई दर पंधरा दिवसांनी रविवारी टांगा मागवायची. मी आणि आई सिनेमाला जाऊन पुढच्या वर्गात बसायचो, आणि बाबा घरी भात शिजवायचे; तेव्हा कुकर नव्हते. भात दर वेळी लागायचा.

मग एक दिवस आई आत्याला म्हणाली, "मला एकटीला सांगून काय उपयोग? तेव्हा वीस माणसं होती."

"आता कसं सांगू?" आत्या म्हणाली.

"ग्रह होते तेव्हा जमलं की."

चैत्रात आईने हळदीकुंकू केलं. पन्हं, वाटली डाळ, चैत्रगौर मांडलेली. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे विधवा बाई हळदीकुंकवात पुढच्या खोलीत येत नसे. आत्या दर वर्षी आत बसून डाळ वाटायची, पन्ह्याचे पेले भरायची, आणि आई ते पुढे न्यायची. त्या दिवशी बायका बसल्या, हसणं सुरू झालं आणि कुणीतरी डाळ तोंडात टाकून नेहमीचं विचारलं, "खारी वहिनी, मीठ बेतानेच ना?"

आत्या आतून बाहेर आली. हात डाळीने माखलेले. उंबऱ्याच्या अलीकडे क्षणभर थांबली आणि मग पुढच्या खोलीत येऊन उभी राहिली. मला आठवतं, एका बाईने कुंकवाचं ताट पदराखाली ओढून घेतलं.

"आमटीत मीठ मी टाकलं होतं," आत्या म्हणाली. "मुद्दाम. वहिनींचा हात फार चांगला आहे. आता त्यांना त्या नावाने कुणी हाक मारायची नाही."

सांगून झाल्यावर तिला परत जाता येईना, पुढे जाता येईना. तेवढ्यात आई पेला घेऊन तिच्यापाशी गेली. "वन्सं, पन्हं घ्या. बसा इथेच." आणि सतरंजीवर आपल्या शेजारी जागा करून तिला बसवलं. पुढच्या वर्षीपासून आत्या हळदीकुंकवाला पुढेच बसायची. दोन घरच्या बायकांनी आमच्याकडे येणं सोडलं. आईने त्यांची वाट पाहिली नाही.

मी मोठी झाल्यावर आईला एकदा विचारलं, की त्या क्षणी तिने आत्याला माफ केलं का. आई कोथिंबीर निवडत होती.

"माफ कसलं," ती म्हणाली. "पेला माझ्या हातात होता, आणि ती समोर उभी होती."