भाभीजींना कोणी टोकायचं?

नलूताई गेली, हे मला मुग्धानं फोनवर सांगितलं. नलूताई माझी आतेबहीण, मुग्धा तिची मुलगी. मुग्धाला मराठी सगळं कळतं. बोलायची वेळ आली की हिंदीच तोंडात येते. ‘मामा, आई नहीं रही,’ एवढंच म्हणाली. मागून पत्रा ठोकल्याचे आवाज येत होते... कारखाना चालू होता. नलूताईला ते आवडलं असतं.

आमच्या या हिंदी मुलखात, शहराबाहेरच्या बिजौलीत त्यांचा कूलरचा छोटा कारखाना. यजमान अचानक गेले, तेव्हा तिचे दीर विनायकराव यांनी शेड विकायची बोलणी सुरू केली. बाईमाणसानं लोखंडात पडू नये, असं त्यांचं मत होतं. ते मत ते जड आवाजात मांडत, त्यामुळे त्यामागे विचार असावा असं वाटे. नलूताईनं एक उन्हाळा मागून घेतला. तो निभला नाही तर शेड विकायची, असं ठरलं.

कारागीर फार चांगले आहेत, मी आले की उभे राहतात, ‘जी भाभीजी’ म्हणतात, असं ती सुरुवातीला कौतुकानं सांगायची. मलाही ते शुभलक्षण वाटलं. मग तिनं हौसेनं एक ऐसपैस कूलर काढला. तो शहरातल्या लक्ष्मी गेटच्या दुकानांत गेला आणि तसाच परत आला. तिथल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत तो बसतच नव्हता. कारखान्यातली निम्मी माणसं त्याच घरांत राहणारी. फोरमन हरगोविंदला तिनं विचारलं, तर तो मान खाली घालून म्हणाला, ‘भाभीजी को कैसे टोकते? भैयाजी होते तो लड़ लेते.’

यजमानांशी तो खरंच भांडायचा. आवाज रस्त्यापर्यंत यायचा, आणि कूलर खिडकीत बसायचा. नलूताईच्या वाट्याला नुसता आदर आला होता. त्या दिवशी ती माझ्याकडे आली. म्हणाली, ‘दीर नाही रे बुडवणार मला. हा मान बुडवेल.’

नेतृत्वावरची जाड पुस्तकं मी पुष्कळ वाचली आहेत, बहुतेक भाषणं ठोकण्यासाठी. पुढे तिनं जे केलं, ते त्यांत कुठे नव्हतं. दर सोमवारी काम सुरू होण्याआधी ती सगळ्यांपुढे आपली एक चूक सांगे आणि दुसरी त्यांना सांगायला लावी. कोणी बोलेपर्यंत चहा नाही. पहिल्या सोमवारी चहा आलाच नाही. पुढच्या सोमवारी हरगोविंद पुटपुटला, की भाभीजी पत्रा फार पातळ मागवतात...

विनायकराव शेड दाखवायला गिऱ्हाईक घेऊन आले, तेव्हा हरगोविंद कूलरच्या पंपावरून तिच्याशी तारस्वरात वाद घालत होता. ही माणसं तुमच्याशी असं बोलतात, म्हणून विनायकराव हादरले. ‘हो,’ ती म्हणाली, ‘आता बोलतात.’ त्या उन्हाळ्यात खिडकीत बसणारे कूलर खपले. शेड राहिली.

परवा व्यापाऱ्यांच्या संघटनेनं शोकसभा ठेवली. जिवंतपणी जिला त्यांनी कधी बैठकीला बोलावलं नाही, तिच्या फोटोला तिच्याहून मोठा हार होता. इतक्या वर्षांत भाभीजींच्या हातून एकही चूक झाली नाही, असं अध्यक्षांनी सद्गदित होऊन सांगितलं. मागच्या खुर्चीवरून हरगोविंद गुडघे धरत उठला.

‘होती थीं जी,’ तो म्हणाला. ‘हम बताते थे.’

अध्यक्ष हातातले कागद चाळू लागले. आता कारखाना सांभाळणारी मुग्धा पुढच्या रांगेतून मागे वळली. ‘काका, सोमवार को मेरी भी बताइएगा.’

हरगोविंद बसता बसता दोन बोटं दाखवत म्हणाला, ‘तुमाई तो अबई से दो हो गईं, बिटिया.’