शिंपल्यानं सोललेली कैरी

लातूरच्या बाजारातून आणलेल्या कैरीचा देठ मोडला. चिकाचा उग्र वास आला आणि मी थेट बिलोलीच्या आमच्या ओसरीवर जाऊन बसले.

साखरांब्याच्या कैरीला आई लोखंड लावू द्यायची नाही. फोड काळी पडते म्हणायची. मांजरेतला शिंपला दगडावर घासून तिनं त्याला भोक पाडलं होतं. त्या भोकाच्या धारेनं साल कागदासारखं पातळ निघायचं.

त्या दिवशी तापानं फणफणलेल्या धाकट्या भावाला घेऊन अण्णा नांदेडला दवाखान्यात गेले होते. समोरच्या रस्त्यावर एसटी थांबायची, माणसं उतरायची, त्यात ते दोघं नसायचे. आई सोलत होती. हिरवं गेलं, गरही गेला, शिंपला कोयीवर खरखरायला लागला.

"आई, साल कवाच निघालं की!" मला हसू आलं.

"निघू दे माय. हाताला कायतरी पायजे," ती रस्त्याकडं बघतच म्हणाली.

शेवटच्या गाडीनं दोघं आले. त्या वर्षी साखरांबा कमी पडला, एवढीच माझी तक्रार होती.

आज लेक नांदेडहून निघालीय आणि तिचा फोन लागत नाही. मी फोन लावते, ठेवते, सोलाणं उचलते, परत फोन लावते. मघाशी हाताकडं बघितलं, तर नुसती कोय उरली होती.